एकशे चौदा खांबांचा शुक्रवार

शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास सिनेगॉगच्या कचेरीतला फोन वाजायचा. मी उचलायचे. पलीकडून मिस्टर हर्शल लिपनिक म्हणायचे, "वर आहे." मी म्हणायचे, "बरं, मिस्टर हर्शल. शब्बाथ शालोम." ते फोन ठेवायचे आणि मी दोनशे चाळीस घरांना निरोप पाठवायचे : दोरी शाबूत आहे.

एवढं एक वाक्य गेलं की मेम्फिसच्या पूर्व भागातली आमची वस्ती निर्धास्त व्हायची. शब्बाथ म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत; त्या दिवशी घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, कडेवरचं मूलही नाही. पण साऱ्या वस्तीभोवती खांबांच्या माथ्यावरून एक दोरी फिरवली, की ती वस्ती एकाच घराचं अंगण धरली जाते, आणि आपल्या अंगणात माणूस काहीही इकडून तिकडे नेऊ शकतो. या दोरीला एरुव म्हणतात. आमची साडेसहा मैल लांब आहे. कुठे विजेची तारच तिचं काम भागवते, कुठे रेल्वेचं कुंपण, आणि उरलेल्या जागी आमचे स्वतःचे खांब आणि वेणीसारखी विणलेली पांढरी नायलॉनची दोरी. सगळे मिळून एकशे चौदा खांब. दोरी एका जागी तुटली की सगळीच तुटली. मग शनिवारी सकाळी बाबागाड्या दारात उभ्या राहतात, लहान मुलांच्या आया घरी बसतात, आणि शहाण्णव वर्षांच्या मिस फ्रीडांची चाकांची खुर्ची पडवीतून हलत नाही. म्हणून दर शुक्रवारी कुणालातरी ती पूर्ण चालत जाऊन बघावी लागते.

ते कुणीतरी बावीस वर्षं मिस्टर हर्शल होते.

हे काम त्यांच्याकडे आलं ते आमच्या बेथ श्रागा सिनेगॉगमधली सगळी कामं येतात तसंच. मिस सेल्मा ग्लेझर यांच्याकडे सेवेची यादी असते. दवाखान्यात कोण कुणाला भेटायला जाणार, सुतकाच्या घरी बुटक्या खुर्च्या कोण पोचवणार, बाळंतिणीला सात दिवस जेवण कुणाकुणाकडून, सगळं त्या यादीत. आणि यादीत नाव घालायची मिस सेल्मांची पद्धत अगदी सोपी : जो तक्रार करील, त्याला ते काम. सूप खारट झालं म्हणालात, तर पुढच्या गुरुवारी सूप तुमचं. बावीस वर्षांपूर्वी मिस्टर हर्शल प्रार्थनेनंतर सहज म्हणाले होते की त्यांच्या दुकानामागे दोरी जरा सैल पडलेली दिसते. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या हातात शिडी होती.

दुकान बुटांचं. वडिलांनी काढलेलं, 'लिपनिक आणि पुत्र', त्यातले पुत्र म्हणजे हे. दुकान बंद करून त्यांना आठ वर्षं झाली होती, पण माणूस समोर आला की त्यांची नजर आधी पायाकडे जायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आईने सात मुली दाखवल्या आणि सातही जणींनी पायापेक्षा लहान बूट घातले होते, असं ते सांगायचे. "जी स्वतःच्या पायाशी खरं बोलत नाही, ती माझ्याशी काय बोलणार?"

शुक्रवारी साडेसहाला ते निघायचे. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात दोरीचं भेंडोळं, पक्कड आणि पाण्याची बाटली. प्रत्येक खांबाला हात लावायचा, मान वर करायची, पुढे जायचं. त्यांना वाटेवरची कुत्री नावानिशी ठाऊक होती आणि कुत्र्यांना ते. रेल्वेच्या रुळांजवळ, सत्तराव्या खांबापाशी, मिस ओडेसा टेट यांचं परसू होतं. मिस ओडेसांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्या बॅप्टिस्ट चर्चच्या, आमच्या कुणी नव्हेत, पण दोरी त्यांच्या परसाच्या कडेने जात असल्यामुळे त्या तिला अर्धी आपलीच समजत. शिडी त्यांच्याच गॅरेजमध्ये ठेवलेली असे. कागदी पेल्यात काळी कॉफी तयार असे. "कुंपण कसं आहे, मिस्टर हर्शल?" त्या विचारायच्या. "वर आहे, मिस ओडेसा," हे म्हणायचे. मग दोघं दहा मिनिटं हवेबद्दल बोलायचे, आणि उन्हाळ्यात हे टोमॅटो घेऊन पुढे निघायचे.

त्या वर्षी वसंतात मी त्यांना टपालपेटीला 'गुड मॉर्निंग' म्हणताना पाहिलं. मला वाटलं, गंमत करताहेत. ते माणसं चालीवरून ओळखू लागले होते. प्रार्थना तोंडपाठ होती, त्यामुळे पुस्तकाने कधी चहाडी केली नाही. चहाडी केली ती चटणीने. एका शनिवारी प्रार्थनेनंतरच्या फराळाला त्यांनी बीट घातलेली तिखट मुळ्याची लाल चटणी स्ट्रॉबेरीचा मुरंबा समजून केकवर जाड थर देऊन लावली, आणि चूक कबूल करायला नको म्हणून अख्खा तुकडा खाल्ला. डोळ्यांतून धारा, कान लाल, आणि तोंडाने, "छान झालाय केक."

मिस सेल्मा समोरच उभ्या होत्या. दोघं एकाच गल्लीत वाढलेले.

"हर्शल, डोळे दाखव जाऊन."

"दाखवलेत."

"मग काय म्हणाला डॉक्टर?"

"निळे आहेत म्हणाला."

मिस सेल्मा हसल्या नाहीत. त्या कुणाकडे असं टक लावून बघू लागल्या की आम्हाला कळायचं, आता सत्काराचं जेवण येणार. आमच्याकडे कुणाला काढून टाकत नाहीत. त्याच्या नावाने जेवण देतात, भाषणं करतात, पितळी पाटी देतात, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याचं काम दुसरा करतो. मिस्टर हर्शलना त्या पाटीची भीती होती. पण डोळ्यांचं काही न करण्याचं कारण त्याहून वेगळं होतं, आणि ते आम्हाला नंतर कळलं.

जुलैच्या शेवटी मोठं वादळ झालं. त्या गुरुवारी अर्ध्या गावाची वीज गेली. शुक्रवारी मिस्टर हर्शल नेहमीप्रमाणे निघाले, दोन ठिकाणी दोरी बांधली, आणि एक वाजता फोन आला, "वर आहे." पुढच्या शुक्रवारी वर होती. त्याच्या पुढच्याही.

पुढे जे झालं ते मला मिस ओडेसांनी सांगितलं, इतक्यांदा की मी तिथे होते असंच आता मला वाटतं.

ऑगस्टमधला शुक्रवार, सकाळी नऊची वेळ, झाडांवर सिकाडा किड्यांचा कर्कश गजर. कॉफी झाली. मिस ओडेसा म्हणाल्या, "आज टोमॅटो तुम्हीच तोडून घ्या, माझी कंबर धरलीय." मिस्टर हर्शल वाफ्यात वाकले. टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधलेली होती. हात चाचपत देठापाशी गेला आणि तिथेच थांबला.

"ही दोरी कुठली, मिस ओडेसा?"

"तुमचीच की. वादळात फांदीबरोबर खाली आली. वेलीतून ओढून काढली मी. म्हटलं, तुम्ही तर नवी लावलेली, मग ही वाया कशाला घालवा? चांगली आहे हो, देठ कापत नाही."

"नवी कुठे लावली?"

"ती काय वर, त्या वेलीतच. हिरवी. मी म्हटलं, यंदा मिस्टर हर्शलनी हिरवी आणली."

मिस्टर हर्शलनी वर पाहिलं. एका खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या माथ्यापर्यंत एक हिरवी रेघ गेलेली त्यांना दिसत होती. गेले तीन शुक्रवार दिसत होती.

"मिस ओडेसा, जरा नीट बघून सांगा. ती दोरी आहे की वेल?"

मिस ओडेसांनी कपाळावर हात धरला. "वेल."

"या खांबापासून त्या खांबापर्यंत?"

"सगळी कुडझू. एक धागा दोरी नाही." मग त्यांच्याही ध्यानात आलं. "पण दर शुक्रवारी तुम्हीच म्हणता, वर आहे."

आमच्याकडे कुडझूची वेल उन्हाळ्यात दिवसाला हातभर सरकते. उभी ठेवलेली गाडी गिळते, पडकी घरं गिळते. दोरी ती जूनमध्येच गिळून बसली होती.

मिस्टर हर्शल पालथ्या बादलीवर बसले. मिस ओडेसांनी त्यांना थोडा वेळ बसू दिलं. मग म्हणाल्या, "कुणी पाहिलंय का?"

"तुम्ही."

"मी बॅप्टिस्ट आहे, मला धरू नका. शिडी माझ्या गॅरेजात आहे, दोरी तुमच्या पिशवीत आहे. अर्ध्या तासाचं काम. उठा."

मिस ओडेसांनी खालून शिडी धरली आणि वरच्या हातांना वाट दाखवली. "डावीकडे. अजून. आता धरलंत ती वेल आहे, ती सोडा. हां, आता बांधा." वेल काढायला वेळ नव्हता, दोरी तिच्यावरूनच घेतली. खाली उतरल्यावर मिस्टर हर्शलनी उरलेले चव्वेचाळीस खांब पुरे केले. प्रत्येकापाशी पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले, असं मला त्या रस्त्यावरच्या दोघांतिघांनी नंतर सांगितलं.

बारा वाजून गेले तरी फोन आला नाही. एक वाजता ते स्वतःच कचेरीच्या दारात आले. टोपी घामाने ओली, कोपरापर्यंत हिरवे डाग.

"वर आहे," ते मला म्हणाले. "आत्ता आहे. रबाय कुठे आहेत?"

रबाय योना, आमचे धर्मगुरू, आतल्या खोलीत होते. वय चौतीस, मुलं पाच, आणि प्रवचन अजून लिहायचं होतं. मिस्टर हर्शल बसले नाहीत. दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. खरं तर बाजूच्या सभागृहात टेबलांवर पांढरी कापडं अंथरत असलेल्या मिस सेल्मांनाही ऐकू आलं असणार, कारण त्यांच्या कामाचा आवाज एकदम थांबला.

"तीन शब्बाथ?" रबायनी विचारलं.

"तीन."

रबाय मनातल्या मनात मोजत असावेत : स्वतःची बाबागाडी तीनदा, बायकोचं नूडल्सचं भांडं शेजारी दोनदा, मिस फ्रीडांची खुर्ची तीनदा, आणि तिच्यामागे सारी वस्ती, किल्ल्या आणि तान्ही मुलं घेऊन, मिस्टर हर्शलच्या दोन शब्दांवर विसंबून.

"आज दोरी जागेवर आहे," मिस्टर हर्शल म्हणाले. "आजचा निरोप पाठवायला हरकत नाही, तुटलेल्या जागी दुसऱ्याचे डोळे होते. मागच्या तिन्हींचं काय ते तुम्ही ठरवा. ही पिशवी." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "जेवण नको. पाटी नको. भाषण तर अजिबात नको."

रबायनी पिशवीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "आधी मला ती जागा दाखवा," ते म्हणाले.

गाडी मी चालवली. मागच्या सीटवर मिस सेल्मा न विचारता येऊन बसल्या. "कापडं अंथरून झालीत," एवढंच म्हणाल्या. सगळी अंथरलेली नव्हती.

मिस ओडेसांच्या परसात रबाय योना काळा कोट काढून शिडीवर चढले. टोपी मात्र काढली नाही. त्यांचं डोकं वेलीत शिरलं आणि बराच वेळ नुसते बूट दिसत राहिले.

"साडेनऊ नंबर," मिस्टर हर्शल हळूच म्हणाले. "टाच झिजलीय."

वरून प्रश्न आला, "मिस ओडेसा, ही वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी पोचली?"

"जूनमध्ये."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? रेल्वेवाल्यांना दोन पत्रं लिहिलीत. पहिलं बारा जूनला. लिहिलंय, तुमची वेल माझ्या शेजाऱ्यांच्या खांबांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली आहे, कृपया कापा. अजून उत्तर नाही."

"प्रत आहे?"

"तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. प्रत नसेल असं पत्र मी लिहीत नाही."

रबाय खाली उतरले. खांद्यावर पानं होती. त्यांनी बाल्टिमोरला आपल्या गुरुजींना फोन लावला आणि अंजिराच्या झाडाखाली फेऱ्या मारू लागले. फोन चाळीस मिनिटं चालला. आम्ही चौघं पायरीवर बसून एकच बाजू ऐकत होतो. "नाही, वेलच. जिवंत. हो, दोन्ही खांबांच्या माथ्यावरूनच, बाजूने नाही. जाडी? अंगठ्याएवढी. नाही गुरुजी, द्राक्षाची नाही. खात नाहीत. बकऱ्या खातात." मग पुष्कळ वेळ नुसतं, "हो. हो. पण वारा?"

मिस ओडेसा माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतके प्रश्न तर रेल्वेनेही विचारले नसते."

शेवटी रबाय योना आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "दोन खांबांच्या माथ्यावरून काहीतरी आरपार गेलेलं असावं, एवढंच शास्त्राने मागितलंय. ते कुणी लावलं, हे विचारलेलं नाही. वेल वाऱ्याने हलते, त्याबद्दल वाद आहे, म्हणून पुढे दोरीच हवी. पण होऊन गेलेल्या तीन शब्बाथांना ही वेल चालते, असं गुरुजी म्हणतात. आपलं अंगण तुटलंच नव्हतं."

"म्हणजे सेवेच्या यादीत आता हिचंही नाव घालू," मिस सेल्मा म्हणाल्या. "निदान ही तक्रार तरी करत नाही."

आम्ही सगळे हसलो. मिस्टर हर्शल हसले नाहीत.

"राखलं ते वेलीने," ते म्हणाले. "मी नाही. मी तिच्याकडे बघून तीनदा 'वर आहे' म्हणालो."

खाली रुळांवरून मालगाडी गेली. तिला बराच वेळ लागला. गाडी गेल्यावर मिस सेल्मांनी विचारलं, "डॉक्टर खरं काय म्हणाला, हर्शल?"

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. एक आत्ता काढायचा, एक महिन्याने. मध्ये शिडी नाही, ओझं नाही, उन्हात फिरणं नाही."

"हे कधी म्हणाला?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये. मग केलं का नाहीस?"

मिस्टर हर्शलनी टोपी काढली, आतली पट्टी पुसली, पुन्हा घातली. "बर्गरचं आठवतंय ना?"

श्लोमो बर्गरचं सगळ्यांना आठवत होतं. त्याच्याकडे शब्बाथच्या कॉफीचं भांडं होतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्याने ते दोन आठवड्यांपुरतं लेनर्ड पिन्स्कीला दिलं. त्याला नऊ वर्षं झाली. भांडं अजून लेनर्डकडे आहे, आणि बर्गर दर शनिवारी भांड्याशेजारी उभा राहून कॉफी पातळ असल्याचं सांगतो.

"म्हणजे कॉफीच्या भांड्यापायी तू आंधळा व्हायला निघालास?" मिस सेल्मांचा आवाज चढला.

"भांडं नाही, सेल्मा. शुक्रवार. शुक्रवारी मला कुठेतरी जायचं असतं."

मिस सेल्मा पायरीवरून उठल्या, परसाच्या टोकापर्यंत गेल्या, तिथून दूर जाणारे खांब बघत उभ्या राहिल्या. त्या सत्तरीच्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायलाही गाडी काढणाऱ्या. परत आल्या तेव्हा त्यांनी ठरवलेलं होतं.

"मी चालेन."

"तू?"

"मीच. दुसऱ्या कुणाला दिलं तर तो सोडणार नाही, हे तुझं खरं आहे. या गावात हे काम मनापासून नको असलेली मी एकटीच आहे. तुझे दोन्ही डोळे झाले की दुसऱ्या दिवशी पिशवी तुझ्या दारात."

"शपथेवर?"

"शपथ कशाला? माझे गुडघे बघ."

रबाय योनांनी एकच अट घातली : दोन्ही डोळे. एकावर भागवायचं नाही.

पहिलं ऑपरेशन शरदातल्या आमच्या सणांच्या आधी झालं. आणि मग मिस्टर हर्शलना यादीची दुसरी बाजू कळली. बावीस वर्षं ते यादीत करणाऱ्यांच्या रकान्यात होते. आता ते घेणाऱ्यांच्या रकान्यात आले. दिवसातून चारदा डोळ्यांत थेंब, सहा माणसं पाळीपाळीने, आणि त्यातला एकही रिकाम्या हाताने येणारा नाही. मंगळवारी मी गेले तेव्हा टेबलावर धुरावलेल्या मांसाच्या तीन थाळ्या, बटाट्याचे भाजलेले दोन कुगेल आणि पिकानच्या सुक्या मेव्याची एक गोड पेस्ट्री होती, आणि लेनर्ड पिन्स्की थेंबांची बाटली उलटी धरून उभा होता.

"याला सांग, कॉफीसारखं ओतू नकोस म्हणून," मिस्टर हर्शल मला म्हणाले.

"हलू नका हो," लेनर्ड म्हणाला. "पित्ताशयाच्या वेळी बर्गर नव्हता इतका हलत."

उपकार घेणं त्यांना जमत नव्हतं. जो येईल त्याला ते पायाचं माप विचारायचे आणि बूट कसे चुकीचे घेतलेत ते सांगायचे. निदान तेवढी परतफेड. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी त्यांनी ते सोडून दिलं आणि नुसतं डोकं मागे टेकवून बसू लागले.

पहिल्या शुक्रवारी मिस सेल्मा साडेसहाला निघाल्या. कानाला फोन, पलीकडे डोळ्याला पट्टी बांधलेले मिस्टर हर्शल.

"सत्तेचाळिसाव्या खांबाला कुत्रा आहे. त्याला नावाने हाक मार."

"नाव काय?"

"सॉलोमन."

"सॉलोमन ऐकत नाहीये, हर्शल."

"मग तो सॉलोमन नाही, शेजारचा असेल. पळ."

दुपारी पावणेतीनला मला फोन आला. "वर आहे. मी मात्र खाली आहे, वाटेवरच्या सिमन्सच्या घराच्या पायरीवर बसलेय. गाडी पाठव, पोरी."

दुसऱ्या शुक्रवारी दीड वाजला. चौथ्या शुक्रवारी पावणेबारा. मध्ये सण येऊन गेले, दुसरा डोळा झाला. मिस सेल्मांनी जाड तळाचे नवे बूट घेतले, स्वतः जाऊन, कुणाला न विचारता. टोमॅटो संपले तेव्हा मिस ओडेसांकडून रताळी येऊ लागली. आणि एका शनिवारी प्रार्थनेनंतर मिस सेल्मा रबायना म्हणताना मी ऐकलं, "आपल्या त्र्याहत्तर नंबरचा खिळा सैल झालाय."

आपल्या. मिस्टर हर्शल माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हातातला केकचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

सहाव्या शुक्रवारी फोन दहा पन्नासला आला. इतका लवकर तो बावीस वर्षांत आला नव्हता. मी निरोप पाठवला आणि उगीचच खिडकीबाहेर बघत बसले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी दोरीचं नवं भेंडोळं द्यायला मी मिस सेल्मांच्या घरी गेले होते. सकाळचे सव्वासहा. रात्री पहिला कडाका पडून गेला होता, गवत पांढरं. मिस सेल्मा पडवीत उभ्या, पायांत बूट, खांद्यावर पिशवी. फाटक वाजलं आणि मिस्टर हर्शल आत आले. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा नव्हता. ते वाटेवर थांबले आणि आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले, एकेका चेहऱ्याकडे, सावकाश.

"डॉक्टरने काल सोडलं," ते म्हणाले.

"छान झालं." मिस सेल्मांनी पिशवीचा पट्टा नीट केला. "थंडी फार आहे आज. पुढच्या शुक्रवारपासून घे."

"आज."

"त्र्याहत्तरचा खिळा सैल आहे. तुला जागा माहीत नाही."

"मग दाखव."

"आणि ऐंशीच्या पुढे रस्ता खणलाय. वळसा घालावा लागतो. तो मी शोधून काढलाय."

"तोही दाखव."

भेंडोळं माझ्या हातातच होतं, ते कुणाला द्यावं मला कळेना. मग मिस सेल्मांनी मान वाकवून पट्टा डोक्यावरून काढायला सुरुवात केली. तो आधी कानाला अडकला, मग कोटाच्या गुंडीत, आणि त्यांनी तो सोडवायची जराही घाई केली नाही. शेवटी पिशवी त्यांनी पुढे केली. मिस्टर हर्शलनी घेतली, खांद्यावर टाकली, पट्टा दोन भोकं सैल केला. मी भेंडोळं तिच्यात टाकलं.

"गुडघे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरे झालेत मेले," मिस सेल्मा म्हणाल्या, जणू गुडघ्यांनी दगाच दिला होता. मग त्या पायरीवर बसल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या. "मी मिस ओडेसांकडपर्यंतच येतेय. कॉफीला."

"सत्तर खांब कॉफीसाठी?"

"माझी मर्जी."

मीही त्यांच्याबरोबर थोडं अंतर चालत गेले. वाटेवरच्या मेपलची पानं लाल झाली होती आणि मिस्टर हर्शल दर दहा पावलांवर थांबत होते. खांबाला हात लावायचा, मान वर, आणि वर गेलेली मान लवकर खाली येत नव्हती. पांढरी दोरी सकाळच्या निळ्या आभाळावर पार पुढच्या चौकापर्यंत दिसत होती. नऊ नंबरच्या खांबापाशी ते चार पावलं मागे आले, मान कलती केली, एक डोळा मिटला, मग दुसरा.

"हा खांब इतका वाकडा कुणी रोवला?"

"तू," मिस सेल्मा म्हणाल्या.

"मी?"

"पहिल्याच महिन्यात. शिडी मी धरली होती. तेव्हाच म्हटलं होतं, तर म्हणालास, सरळ आहे."

त्यांनी पुन्हा बघितलं. खांब खरोखरच फार वाकडा होता, रस्त्यावर वाकून कुणाची वाट बघत असल्यासारखा.

"दोरी सरळ आहे ना?"

"तूच बघ की."

त्यांनी बघितलं. नवव्या खांबापासून दहाव्यापर्यंत, दहाव्यापासून अकराव्यापर्यंत.

"आहे," ते म्हणाले, आणि दोघं पुढे निघाले.